एकेका रेणूमागे धावणारा कायदा

भांड्यांच्या दुकानात नॉनस्टिक तव्याच्या खोक्यावर ‘पीएफओए-फ्री’ असा शिक्का हमखास आढळतो. दुकानदार त्यावर बोट ठेवून दाखवतो आणि गिऱ्हाईक निर्धास्त होऊन पैसे मोजते. शिक्का खोटा नाही. पीएफओए नावाचे रसायन बड्या कारखानदारांनी वापरातून काढले, त्याला आता बरीच वर्षे झाली. पण घरगुती वस्तूंमधल्या चिवट रसायनांवर सरकारांनी आणलेले नियंत्रण कुठे फसले, हे समजायला तो एवढासा शिक्का पुरेसा आहे. कायद्याने एका रेणूचे नाव घेतले. कारखानदारांनी तेवढा रेणू काढला आणि त्याच्या जागी त्याच्याच भाऊबंदांपैकी दुसरा आणून बसवला. या दुसऱ्याचे नाव खोक्यावर छापायची गरज पडत नाही, कारण त्याच्यावर अजून कोणी ठपका ठेवलेला नसतो.

असे भाऊबंद हजारोंनी आहेत. कार्बनच्या साखळीवर हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवलेल्या या कुळाला जगभर पीफास म्हणतात. नॉनस्टिक तवा, पाणी न धरणारा रेनकोट, डाग न पडणारा गालिचा, तेल न झिरपणारा खाऊचा कागद, मायक्रोवेव्हमध्ये फुलवायच्या पॉपकॉर्नची पिशवी, पाण्याने न उतरणारा मस्कारा, दातांच्या फटी साफ करायचा गुळगुळीत दोरा अशा शेकडो जागी या कुळातली रसायने वापरली गेली. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातला सर्वांत बळकट एकेरी बंध मानला जातो. ऊन, पाणी, जीवाणू यांपैकी कोणाकडूनही तो सहजी तुटत नाही. साखळीतले काही दुवे बदलतात, मोठा रेणू मोडून लहान होतो, पण फ्लोरिन बसलेला गाभा तसाच राहतो.

माझे म्हणणे असे की, जे रसायन निसर्गात विरतच नाही, त्याचे न विरणे हाच त्याचा दोष धरावा, आणि त्या दोषावरून अख्ख्या कुळाचे नियमन एकत्र करावे. प्रत्येक रेणू माणसाला नेमका किती अपाय करतो हे सिद्ध होईपर्यंत वाट पाहण्याची जी रीत आहे, ती इतर रसायनांना कदाचित चालेल. इथे ती चालत नाही, आणि ती का चालत नाही याचा पुरावा गेल्या सत्तर वर्षांत पुरेसा जमला आहे.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्ग गावाजवळ ड्यूपाँट कंपनीचा कारखाना होता. टेफ्लॉन बनवताना तिथे १९५१ सालापासून पीएफओए वापरले जाई. १९६१ साली कंपनीच्याच विषशास्त्रज्ञांना प्रयोगातल्या उंदरांची यकृते वाढलेली दिसली. १९८१ साली, हे रसायन पुरवणाऱ्या थ्रीएम कंपनीने उंदरांच्या पिलांच्या डोळ्यांत व्यंग आढळल्याचे कळवले. तेव्हा ड्यूपाँटने टेफ्लॉन विभागातल्या गरोदर कामगार स्त्रियांची बाळे तपासली. सातपैकी दोन बाळांत जन्मजात व्यंग निघाले. १९८४ साली कंपनीने आसपासच्या गावांतल्या नळाचे पाणी गुपचूप तपासले, आणि त्यात हे रसायन सापडले. यातले गावकऱ्यांना कोणी काही सांगितले नाही.

हे उघड झाले ते विल्बर टेनंट या गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्यामुळे. कंपनीच्या कचरा टाकण्याच्या जागेतून त्याच्या कुरणात ओढा यायचा. ओढ्यावर फेस दिसायचा. गुरे खंगायची, चवताळायची आणि मरायची. अशी दीडशेवर गुरे गेली. पशुवैद्य हात लावायला तयार होईनात, तेव्हा टेनंटने मेलेली जनावरे स्वतः फाडून पाहिली आणि आतले रंग बदललेले अवयव व्हिडिओवर टिपून ठेवले. १९९९ साली रॉबर्ट बिलॉट या वकिलाने त्याच्यातर्फे दावा लावला, आणि न्यायालयामार्फत कंपनीची लाखभर पाने बाहेर काढली. त्या पानांत वर सांगितलेला सारा इतिहास होता.

पुढे २००४ साली तडजोड झाली. तिच्या पैशांतून एक मोठे काम झाले. प्रत्येकाला ४०० डॉलर देऊन सुमारे ६९,००० लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले गेले, आणि दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या तीन साथरोगतज्ज्ञांच्या समितीने ते सात वर्षे अभ्यासले. २०१२ साली समितीने निष्कर्ष दिला की पीएफओएचा मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा व्रण-दाह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब या सहा व्याधींशी संबंध संभवतो.

आता हिशेब मांडून पाहा. कारखान्यात वापर सुरू झाला १९५१ साली आणि पुरावा हाती आला २०१२ साली. एका रेणूसाठी एकसष्ट वर्षे, एक जिद्दी शेतकरी, एक चिकाटीचा वकील, कोट्यवधी डॉलर आणि ६९,००० माणसांचे रक्त लागले. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच वाटते. हा पुरावा उभा राहू शकला तो इतकी माणसे दशकानुदशके ते पाणी पीत आली म्हणून. अपाय सिद्ध झाल्याशिवाय बंदी घालू नये, या नियमाचा व्यवहारातला अर्थ असा होतो की आधी मोठी लोकसंख्या बाधित व्हावी लागते आणि मग तिच्यावरून कायदा ठरतो.

अमेरिकेतला कायदा तसाच बेतलेला होता. विषारी पदार्थांवरचा १९७६ सालचा कायदा झाला तेव्हा बाजारात असलेली सुमारे ६२,००० रसायने तपासणीविना तशीच पुढे चालू ठेवली गेली. एखाद्यावर बोट ठेवायचे, तर अपायाचा पुरावा सरकारच्या पर्यावरण संस्थेने आणायचा, आणि तो पुरावा मात्र कंपनीच्या कपाटात. त्या संस्थेने २००५ साली माहिती दडवल्याबद्दल ड्यूपाँटशी तडजोड केली, दंड आणि पर्यावरण प्रकल्प मिळून १ कोटी ६५ लाख डॉलरची. तोवर वापर पन्नास वर्षांच्या पुढे गेला होता.

यानंतर आठ मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत पीएफओए पूर्ण थांबवायचे कबूल केले. खोक्यावरचा शिक्का त्यातून आला. पण २००९ पासूनच पर्याय बाजारात आला होता, जेनएक्स. त्याची साखळी थोडी आखूड, मधे एक ऑक्सिजनचा सांधा, बाकी चेहरामोहरा तोच. २०१७ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टन शहराच्या लोकांना वर्तमानपत्रातून कळले की ज्या केप फिअर नदीचे पाणी ते पितात तिच्यात जेनएक्स आहे, आणि शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातून ते आरपार निघून जाते. २०२४ साली अमेरिकेने पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओए आणि त्याच कुळातल्या पीएफओएसची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली, जेनएक्ससाठी १०. सुमारे वर्षभराने, २०२५ च्या मे महिन्यात, नव्या प्रशासनाने पहिल्या दोघांची मुदत २०३१ पर्यंत लांबवण्याचा आणि जेनएक्ससह बाकीच्यांच्या मर्यादा मागे घेण्याचा मनोदय जाहीर केला. एकेका रेणूवर लढायचे ठरवले की राजकीय वारे फिरताच त्या रेणूविरुद्धची बाजू हरते, आणि पुढचा रेणू तर अजून मैदानातही आलेला नसतो.

रसायन उद्योगाचे यावर एक उत्तर असते, आणि ते ऐकून घेण्यासारखे आहे. हजारो रेणूंना एकाच दावणीला बांधणे अशास्त्रीय आहे, असे ते म्हणतात. काही रेणू शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम करतात, काही लवकर लघवीवाटे जातात. तव्यावरचे टेफ्लॉन तर इतके मोठे बहुवारिक की गिळले तरी आतड्यातून तसेच बाहेर पडते, रक्तात शिरतच नाही. यातले पुष्कळसे खरे आहे. शाबूत तव्यावर बेताच्या आचेवर केलेला डोसा खाणाऱ्याला त्या तव्यापासून मोठा धोका आहे असे मी म्हणणार नाही. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर निघणारा धूर घातक असतो, पिंजऱ्यातले पक्षी त्याने मरतात. पण तो भाग वेगळा. पार्कर्सबर्गची माणसे तव्यामुळे आजारी पडली नाहीत. तव्यावरचे टेफ्लॉन जिथे बनले त्या कारखान्याच्या पाण्याने ती आजारी पडली. वस्तू निर्धोक आहे एवढे दाखवून तिच्या उत्पादनातले आणि कचऱ्यातले रेणू निर्दोष ठरत नाहीत.

आणि गटाने नियमन अशास्त्रीय म्हणावे, तर आपल्याच देशाने ते केलेले आहे. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दशलक्षामागे ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम केंद्र सरकारने २०१६ साली काढला आणि तो पुढच्या वर्षी लागू झाला. रंगात शिसे अनेक संयुगांच्या रूपाने येते, पिवळ्या रंगात लेड क्रोमेट, वाळवणाऱ्या द्रव्यात आणखी कुठले. नियमाने या संयुगांची यादी केली नाही. डब्यात एकूण शिसे किती, एवढेच विचारले. त्यामुळे एक संयुग काढून दुसरे घालण्याची पळवाटच राहिली नाही. फ्लोरिनच्या बाबतीत हेच करता येते, आणि डेन्मार्कने केलेही. २०२० च्या जुलैपासून तिथे खाद्यपदार्थांच्या कागदी वेष्टनांत पीफास वापरायला बंदी आहे. तपासणीसाठी हजारो रेणू शोधत बसावे लागत नाही. कागदातला एकूण सेंद्रिय फ्लोरिन मोजतात, आणि तो किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर गेला तर कागद मुद्दाम प्रक्रिया केलेला आहे असे धरतात. युरोपीय संघाचा वेष्टनांवरचा नवा नियमही, १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होणारा, एकूण फ्लोरिनची कसोटी लावतो.

न विरण्याला मी एवढे महत्त्व का देतो, ते नीट सांगितले पाहिजे. एखादे औषध अपायकारक ठरले तर ते थांबवता येते, आणि काही दिवसांत, महिन्यांत शरीर आणि भवताल मोकळे होतात. अशा पदार्थाबाबत चूक झाली तरी ती दुरुस्त होते, म्हणून पुराव्याची वाट पाहणे परवडते. वरणात मीठ कमी पडले तर वरून घालता येते, जास्त पडले तर उपसता येत नाही. पीफासची गत त्या जास्त मिठासारखी आहे. कारखाना आज बंद केला तरी कालपर्यंत सोडलेले सारे मातीत, भूजलात, समुद्रात राहते, आणि नवे सोडणे चालू असेल तर आकडा फक्त वर जातो. पीएफओए माणसाच्या रक्तातून अर्धे व्हायलाच दोन ते चार वर्षे लागतात. ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटते, मूत्रपिंड ते गाळून टाकण्याऐवजी परत शोषून घेते. आईच्या नाळेतून आणि दुधातून ते बाळाकडे जाते. फेरो बेटांवरच्या मुलांचा फिलिप ग्रांजाँ यांनी केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात रक्तात पीफास जास्त असलेल्या मुलांत लसीमुळे तयार होणारी प्रतिद्रव्ये कमी दिसली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० साली सुरक्षित मर्यादा ठरवली ती लसीचा परिणाम मंदावतो याच कसोटीवर. डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

पुढचा आकडा मला वारंवार आठवतो. मिनेसोटा राज्याच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेने २०२३ साली हिशेब काढला. पीफास बाजारात पौंडाला ५० ते १,००० डॉलरला मिळते. तेच एक पौंड शहराच्या सांडपाण्यातून गाळून नष्ट करायचे, तर खर्च २७ लाख ते १ कोटी ८० लाख डॉलर. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही थोडे कमी. विकणाऱ्याला नफा पहिल्या आकड्यावर मिळतो, आणि दुसरा आकडा नगरपालिकेच्या पाणीपट्टीत येतो. ज्या मालाची किंमत आणि ज्याचा निस्तार यांत इतके अंतर आहे, त्याचा बाजार मोकळा सोडणे म्हणजे एकाचा नफा दुसऱ्याच्या खिशातून भरणे होय.

म्हणून ‘ग्राहकाने जागरूक राहावे’ हा सल्ला मला पटत नाही. आपल्याकडे ही जागरूकता शेवटी घर चालवणाऱ्या बाईच्या डोक्यावर येऊन पडते. खोका तिनेच वाचायचा, शिक्का तिनेच पारखायचा. पण रेनकोटच्या कापडावर काय फासले आहे हे कुठल्याही खुणचिठ्ठीवर नसते. पाण्याची भीती वाटून घरात आरओ यंत्र बसवले तर ते पीफास बऱ्यापैकी गाळते, हेही खरे. पण गाळलेले जाते कुठे? स्वयंपाकघराच्या मोरीत सोडलेल्या त्या दुसऱ्या नळीतून, नाल्यात, आणि तिथून नदीत, खालच्या गावाकडे. ज्याला यंत्र परवडते त्याच्या ग्लासातून निघून ते ज्याला परवडत नाही त्याच्या पाण्यात जाते. ही गोष्ट कितीही चोखंदळ खरेदीने सुटणारी नाही. तो कारखान्याच्या दाराशी सोडवायचा प्रश्न आहे.

मग सगळेच बंद करायचे का? नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेत लागणारी कृत्रिम रक्तवाहिनी पीफास कुळातल्या बहुवारिकाची असते. चिप बनवण्याच्या काही पायऱ्या आज त्याविना होत नाहीत. या पेचावर जगाने एक तोडगा आधीच वापरून पाहिला आहे. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या वायूंवर १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, आणि १९९२ साली त्यात ‘अत्यावश्यक वापर’ कशाला म्हणायचे याचे निकष ठरले. आरोग्य, सुरक्षितता किंवा समाजाचा गाडा चालण्यासाठी वापर गरजेचा हवा, आणि परवडणारा पर्याय नसावा. दम्याच्या फवाऱ्याला सवलत मिळाली, केसांवर मारायच्या स्प्रेला मिळाली नाही. पुढे फवाऱ्यालाही पर्याय निघाला आणि सवलत संपली. डीडीटीचेही तसेच. शेतीत ते बंद झाले, पण हिवतापाच्या डासांसाठी, न विरणाऱ्या विषारी रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराने मुभा ठेवली. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनी इथे सरकारी कारखान्यात ते बनत आले ते याच मुभेखाली. एकाच पदार्थाचा गरजेचा वापर आणि चैनीचा वापर कायद्याला वेगळा ओळखता येतो, हे यातून दिसते.

या निकषावर तवा कुठे बसतो? मिनेसोटाने जानेवारी २०२५ पासून पीफास असलेली स्वयंपाकाची भांडी विकायला बंदी घातली. फ्रान्सने २०२५ साली सौंदर्यप्रसाधने आणि कपड्यांतले पीफास बंद करायचा कायदा केला, पण भांडी मात्र त्यातून वगळली गेली. तिथल्या भांडी उद्योगाने त्यासाठी मोठी मोहीम चालवली, कामगारही रस्त्यावर उतरले. नोकऱ्यांची काळजी खरी असते, ती मी थट्टेवारी नेणार नाही. पण ज्या घरात बिडाचा तवा आहे तिथे घावन आजही सुटतो. कांद्याच्या कापाने तेल फिरवायचे, तवा तापू द्यायचा, पीठ ओतून झाकण ठेवायचे, कडा सुटल्या की उलथन्याने उचलायचे. नवा तवा तयार करायला आठवडाभर तेल मुरवावे लागते, हा त्रास आहे. त्या त्रासाची सुटका अत्यावश्यक वापरात मोडत नाही, असे माझे स्वच्छ मत आहे.

आता या साऱ्याचा महाराष्ट्राशी जो थेट संबंध आहे, तिकडे येतो. इटलीच्या व्हेनेतो प्रांतात त्रिस्सिनो गावी मितेनी नावाचा कारखाना होता. १९६० च्या दशकापासून तिथे पीफास बनायचे. कारखाना नेमका भूजल जिथून भरते त्या पट्ट्यावर बसलेला. २०१३ साली प्रदूषण उघडकीला आले तेव्हा सुमारे साडेतीन लाख लोकांच्या पाण्यात ते पोचले होते. मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे हाती आल्यावर आया एकत्र आल्या, ‘मम्मे नो पीफास’ या नावाने, आणि वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. २०१८ साली कंपनीचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी तिथल्या भूजलात जेनएक्स आणि आणखी एक नवा पर्यायी रेणूही सापडला. जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांची कैद सुनावली.

शिक्षा होण्याआधीच यंत्रे मात्र विकली गेली होती. २०१९ साली लक्ष्मी ऑरगॅनिक इंडस्ट्रीज या महाराष्ट्रातल्या कंपनीने, आपल्या उपकंपनीमार्फत, मितेनीची मालमत्ता लिलावात घेतली, आणि यंत्रे सुटी करून रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली. यात लपवाछपवी झालेली नाही. २०२१ च्या भागविक्रीच्या माहितीपत्रकातच कंपनीने ही खरेदी नोंदवली आहे. मितेनीने पीएफओए २०११ सालीच थांबवले होते, आणि लोट्यात तेच बनते किंवा तिथून पाणी बिघडले आहे, असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही आणि मी तसे म्हणत नाही. माझी तक्रार कायद्याविरुद्ध आहे. युरोपात ज्या कारखान्याने फौजदारी खटला ओढवून घेतला, त्याची यंत्रसामग्री कोकणात येताना आपल्या कायद्याला विचारण्यासारखा एकही खास प्रश्न नव्हता. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात पीफासची मर्यादा नाही. कारखान्याच्या सांडपाण्याला लावायची मर्यादा नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ सीओडी, बीओडी (म्हणजे सांडपाण्याची ऑक्सिजनची गरज), आम्लता, तरंगते घटक मोजते. यातल्या कुठल्याही चाचणीत पीफास दिसत नाही. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र सगळे निकष पाळत असले तरी त्याच्या टाकीतले जीवाणू कार्बन-फ्लोरिनचा बंध खाऊ शकत नाहीत.

आणि जागा कुठली, तर लोटे. वाशिष्ठीचे खोरे, दाभोळची खाडी. या खाडीकाठचे भोई मच्छीमार मासे मरून तरंगल्याच्या तक्रारी गेली कित्येक वर्षे करत आले आहेत, पीफासचे नावही इथे पोचले नव्हते तेव्हापासून. जुलै २०२१ मध्ये याच वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. जिथे पावसाचे पाणी असे सगळीकडे फिरते, तिथे न विरणारा पदार्थ एका टाकीत, एका नाल्यात राहील या भरवशावर कोणी बसू नये.

दिल्लीतले चित्र असे आहे. भारताने २००६ साली स्टॉकहोम करार स्वीकारला, पण त्यात पुढे घातलेले प्रत्येक रसायन आपण वेगळे मान्य केले तरच आपल्याला लागू होते. करारात पीएफओएस आले २००९ साली आणि पीएफओए २०१९ साली. २०२० च्या ऑक्टोबरात मंत्रिमंडळाने सात रसायने मान्य केली, त्यांत ही दोन्ही नव्हती. रसायनांची नोंदणी करायला लावणाऱ्या नियमांचा मसुदाही त्याच वर्षी फिरला. देशात कोणता कारखाना कोणते रसायन किती बनवतो याची साधी नोंदवही त्यातून तयार झाली असती, आणि ती अजून आपल्या हाती नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत पीफास नको असा मसुदा काढला. तो चांगला आहे, मनापासून स्वागत करावे असा आहे, कारण त्यात कुळाचे नाव घेतले आहे. पण रेनकोट, गालिचा, प्रसाधने त्या प्राधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत, आणि कारखान्याचे सांडपाणी तर मुळीच नाही.

ज्या देशात निम्म्याहून जास्त सांडपाणी तसेच नदीत जाते, जिथे आर्सेनिकचे पाणी पिणारी गावे आहेत, तिथे नॅनोग्रॅमचा विचार ही चैन आहे, असे मला कळवळ्याने सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या कळवळ्याबद्दल मला शंका नाही. पण मैल्याने घाण झालेली नदी, मैला थांबवला तर काही वर्षांत सुधारते. पीफासची नदी सुधारत नाही. म्हणजे गरीब देशाला जी चूक सर्वांत कमी परवडते ती हीच. शिवाय आपल्याला उशिरा येण्याचा फायदा आहे. युरोपात जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी २०२३ साली सुमारे १०,००० रेणूंवर एकत्र बंदीचा प्रस्ताव मांडला. थ्रीएमने २०२५ अखेर पीफासचे उत्पादन सोडायचे जाहीर केले. तिकडून जे निघते आहे ते कुठेतरी जाणार, आणि स्वस्त जमीन, कुशल रसायन अभियंते आणि न विचारणारा कायदा जिथे असेल तिथे जाणार. यातली शेवटची गोष्ट तेवढी आपण बदलू शकतो.

त्यासाठी करायचे काम फार मोठे नाही. स्टॉकहोम करारातली पीएफओएस आणि पीएफओए ही दोन्ही रसायने मान्य करावीत. शिशाच्या नियमाच्या धर्तीवर घरगुती वस्तूंत एकूण सेंद्रिय फ्लोरिनची एकच मर्यादा घालावी, आणि अत्यावश्यक वापराची सवलत मुदतीची ठेवावी, जी संपताना उत्पादकाने पर्याय का नाही हे स्वतः सिद्ध करावे. पीफास बनवणाऱ्या वा वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याने रेणूचे नाव, वजन आणि ते ओळखायची चाचणीपद्धत मंडळाला द्यावी. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे, कारण शोधायचे काय हेच माहीत नसेल तर प्रयोगशाळेचे महागडे यंत्रही आंधळे असते.

आणि दाभोळच्या खाडीत आजची पातळी मोजून ठेवावी. पुढे कधी त्रिस्सिनोसारखा प्रश्न उभा राहिला, तर आधी पाण्यात काय होते याची नोंद हाताशी हवी. कोकणात ती नोंद येत्या पावसाळ्याआधी होऊ शकते. सांडपाणी केंद्राचे तोंड, वाशिष्ठीचा प्रवाह, खाडीचा गाळ, आसपासच्या वाड्यांतल्या विहिरी आणि भोयांच्या जाळ्यात येणारे मासे, एवढ्यांचे नमुने घ्यायचे आणि आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने नमुने घेण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिलेलाच आहे. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.